धोंड्याच्या महिन्यातली शर्यत

मुंजाजीला मी सायकलवर बसलेलं जितकं पाहिलं, तितकंच सायकलवरून उतरलेलं पाहिलं. समोरून कुणी वडीलधारं माणूस दिसलं की तो अलीकडेच पाय टेकायचा. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकलेल्या, रस्त्याला चढ, तरी उतरायचा. "रामराम गुरुजी" म्हणायचा, मी पुढे जाईपर्यंत उभा राहायचा आणि मग पुन्हा टांग मारायचा. चढावर थांबलेली भरली सायकल पुन्हा चालू करणं किती जड असतं, ते मला ठाऊक होतं. एकदा मी म्हणालो, "अरे, बसल्या बसल्या हात केलास तरी चालेल."

तो हसला. "चालंल हो गुरुजी, पर बरं दिसतंय का?"

बोरीच्या शाळेत तो माझ्या हाताखाली आठवीपर्यंत होता. अभ्यासात बेताचा, पळण्यात पुढे. पुढे शाळा सुटली, पळणं सुटलं नाही. सकाळी आसपासच्या वाड्यांवरून दूध गोळा करून बोरीच्या केंद्रावर घालायचं आणि संध्याकाळी जिंतूर रस्त्यानं कॅनव्हासचे बूट घालून पळायचं, हा त्याचा नेम. तिशीला आलेला, लग्न झालेला माणूस काहीही कारण नसताना पळतो, हे गावाला कळत नसे. पारावरची मंडळी विचारायची, "मुंज्या, कोण लागलंय रं मागं?" तो त्यांच्यासमोरून जाताना थोडा हळू व्हायचा, मान लववायचा आणि पुढे गेल्यावर वेग धरायचा.

त्याची सासुरवाडी वरखेड. बोरीपासून सायकलीनं तासाभराच्याही आत. पण त्याची दुधाची फेरी वरखेडला वळसा घालून जायची, आणि त्याला कारण होतं.

सासरे व्यंकटराव वरखेडचे मोठे शेतकरी. पीळदार मिशा, स्वच्छ धोतर, शब्दाला वजन. तरुणपणी कुस्तीचे शौकीन. फडात जिंकलेल्या पैलवानाला स्वतःच्या हातानं फेटा बांधायची त्यांना हौस. जावयाची शेती थोडकी आणि कोरडवाहू, म्हणून लग्नानंतर त्यांनी आपला शब्द खर्ची घालून मुंजाजीला सेलूच्या एका जिनिंगमध्ये कामाला लावलं. कापसाचा बारीक तंतू हवेत भरून असायचा. मुंजाजीची छाती कोंडायची, रात्रभर खोकला. ऐन हंगामात तो काम सोडून गावी परतला. व्यंकटरावांनी एवढंच पाहिलं, की जिनिंगच्या शेठजीसमोर आपली मान खाली गेली. त्यांनी जावयाशी बोलणं बंद केलं. पुढच्या वर्षी अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला वाण द्यायचं, हे गरिबातला गरीबही चुकवत नाही. वरखेडहून बोलावणं आलं ते फक्त लेकीला.

मुंजाजीची बायको दैवशाला बोलायला तिखट आणि मनानं फार सरळ. ती निरोप घेऊन आलेल्या गड्याला म्हणाली, "आईला सांगा, ह्यांना बोलावल्याबिगर मी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाई." आणि तिनं ते पाळलं. तीन वर्षं ती माहेरी गेली नाही. आई पार्वतीबाई तिकडे, लेक इकडे, आणि मध्ये एक साधा डांबरी रस्ता.

आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष दत्तराव पुण्याहून एक नवीन खूळ पाहून आले होते. आधी पळायचं, मग सायकल, मग पुन्हा पळायचं, सगळं एका दमात. त्यांनी नव्वद साली महाराष्ट्र दिनाला ही शर्यत बोरीत सुरू केली. शाळेपासून ओढ्याच्या पुलापर्यंत पळत, तिथं ठेवलेल्या सायकली घेऊन वरखेडवरून पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन परत पुलाशी, आणि तिथून पुन्हा पळत शाळेपर्यंत. पहिल्या वर्षी मुंजाजी बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. पुलापर्यंत सगळ्यांच्या पुढे. तिथं कुणीतरी गुळाचं पाणी ठेवलं होतं, ते तांब्याभर घटाघटा प्यायला. सायकलवर पोटात कळ सुरू झाली. शेवटच्या पळीत बाभळीखाली बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी घरी आला. किटली दारात ठेवून ओट्यावर टेकला.

"गुरुजी, मला दम तर हाय. मंग गेला कुठं?"

खेळाच्या एका शिबिरात मी पूर्वी काही ऐकलं होतं, थोडं वाचलं होतं. तेवढ्या भांडवलावर आम्ही दोघांनी वर्षभर डोकं चालवलं. पहिली पळ ही पळ समजायचीच नाही, पळता पळता बोलता आलं पाहिजे, बोलता येईना झालं की वेग जास्त झाला, असं मी सांगितलं. आता एकट्यानं पळताना बोलायचं काय? त्यानं तोड काढली. दुधाच्या घरांची नावं म्हणायची. "तानुबाई दीड, बायनाबाई अर्धा, पंडितराव दोन..." सगळी यादी एका लयीत म्हणता आली तर चाल बरोबर. मध्येच धाप लागून बायनाबाईचा अर्धा लिटर तुटला, की पाय आवरायचे.

खाण्याचंही तसंच. शर्यतीच्या बरंच आधी दूध-भाकरी, तीही निम्मी. नंतर घट्ट काही नाही. पाण्यात मीठ, साखर, लिंबू घालून बाटली सोबत ठेवायची आणि तहान लागण्याआधी घोटघोट घ्यायचं. दैवशालानं जुन्या धोतराची एक पिशवी शिवून दिली, बाटली कमरेला बसेल अशी. देताना म्हणाली, "एवढं मापानं तर कोंबडीबी पाणी पीत न्हाई, गुरुजी. काय करून ठेवलं हो आमच्या माणसाचं?" पण लिंबं तीच पिळायची.

एक्याण्णवच्या चैत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या. त्या वर्षी अधिक वैशाख होता, आणि एक मे त्यातच पडत होता. आणि बोरीच्या बाजाराला आलेल्या व्यंकटरावांना हॉटेलात कुणीतरी डिवचलं, "तुमचे जावई औंदा पहिले येणार म्हणत्यात." व्यंकटरावांनी कपातला चहा संपवला आणि चारचौघांत म्हणाले, "येऊ द्या पहिला. मी सोता यीन, सगळ्यांदेखत फेटा बांधीन आन तिथूनच दोघांला धोंड्याला घरी नेईन. व्यंकटरावाचा शब्द हाय."

ही बातमी दैवशालापर्यंत पोचायला संध्याकाळ लागली नाही. दोन दिवसांनी मुंजाजी मला म्हणाला, "काल तिनं पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं, गुरुजी."

एक मेला सकाळी झेंडावंदन आटोपून शर्यत सुटली. मी पंच होतो. चंद्रभान किराणावाल्याच्या राजदूत मोटारसायकलवर मागे बसून मला शर्यतीबरोबर फिरायचं होतं. नियम साधे होते. पंचानं कुणाला काही सांगायचं नाही, मदत करायची नाही. नियम कोणी मोडला तर तेवढं पाहायचं. शाळेच्या फाटकाशी व्यंकटराव खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर कोऱ्या फेट्याची घडी. जरा अंतरावर बायकांत हिरव्या लुगड्यातली दैवशाला उभी होती. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

सेलूचा राधाकिशन नावाचा एक पोरगेलासा गडी होता, वाकड्या हँडलची सायकल असलेला. तो सुरुवातीलाच झपाट्यानं पुढे गेला. जाता जाता ओरडला, "दूधवाले, सावकाश या, सांडंल!" मुंजाजी मागे, आठव्या-नवव्या जागी. राजदूत त्याच्या बाजूनं गेली तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं, "तानुबाई दीड, बायनाबाई अर्धा..." न तुटता. माझा जीव सुपाएवढा झाला.

पुलापाशी बूट न सोडता, न घाबरता त्यानं सायकल उचलली. हीच ती जड, काळी, रोजची दुधाची सायकल. फक्त किटल्यांचे आकडे काढलेले. दोन घोट पाणी घेतलं. आणि मग रोज भरल्या किटल्या ओढणारे ते पाय मोकळे सुटले. एकेकाला मागे टाकत वरखेड येईपर्यंत तो राधाकिशनच्या बरोबरीला आला.

वरखेडचं व्यंकटरावांचं घर रस्त्याला लागूनच. दारात लिंबाचं झाड. पार्वतीबाई कडेला उभ्या होत्या, डोक्यावर पदर, कपाळावर हाताची सावली. जावई ओळखू येताच त्या दोन पावलं रस्त्यात आल्या.

"जावईबापू! वापस येताना थांबा बरं का! उपाशी जाऊ नका दारावरून!"

मुंजाजीनं हँडलवरचा एक हात छातीशी नेला आणि मान लववली. दुसरं काय करणार होता? तीन वर्षांनी सासू दिसत होती.

"मेलं," चंद्रभान पुटपुटला. "गुरुजी, ह्यानं मान हालवली की हो."

"रीत म्हणून हलवली असेल," मी म्हणालो. मला तसं वाटत मात्र नव्हतं.

फाट्यावरून वळताना मुंजाजी एकटा पुढे होता. राधाकिशन मागे पडून ठिपक्याएवढा झाला होता. ऊन चढलं होतं, डांबर मऊ व्हायला लागलं होतं, पण मुंजाजीचा चेहरा ओला आणि शांत. मधूनच बाटली तोंडाला लावत होता. नावांची यादी चालूच होती. वर्षभर आम्ही ओट्यावर बसून जे बोललो, ते सगळं तिथं रस्त्यावर जसंच्या तसं चाललेलं मी पाहत होतो.

वरखेड दिसू लागलं. लिंबाखाली पाट मांडला होता. भोवती रांगोळी. पार्वतीबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या, हातात पाण्याचा तांब्या, मागे दोन शेजारणी, त्यातल्या एकीच्या हातात ताट झाकलेलं.

मुंजाजीनं लांबूनच पाय सैल सोडले. मला वाटलं, आता हात करेल, काहीतरी बोलेल, बाजूनं काढेल. तो सायकलवरून उतरला.

"मामी, शर्यत चालू हाय," तो म्हणाला. आवाज अगदी हळू.

"ठाव हाय मला. तुमच्या मागं कोण दिसंना अजून. दोन घास खायला किती वेळ लागतोय?" पार्वतीबाईंचे डोळे भरून आले होते. "गेल्या धोंड्याला माझ्या हातून पाप झालं, बापू. हे घरात न्हाईत मनून आज चूल पेटवली. अधिकात जावई उपाशी दारावरनं गेला तर मी कुठं फेडू?"

व्यंकटराव बोरीच्या फाटकात फेटा घेऊन बसले आहेत, हे पार्वतीबाईंना ठाऊक नसावं. नवऱ्यानं हॉटेलात दिलेला शब्द घरात सांगायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. ते तालुक्याला जातो म्हणून निघाले होते. आणि हे सांगणारं तिथं कोण होतं? मुंजाजीनं सांगायला हवं होतं, पण 'थांबलो तर तुमचंच नुकसान आहे' असं सासूच्या तोंडावर म्हणणारा तो नव्हता. चंद्रभाननं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"सांगा की हो त्याला!"

"मी पंच आहे."

"पंच झाला मनून काय तोंड शिवलं का तुमचं?"

नियम होता हे खरं. पण नियम नसता तरी त्या पाटासमोर उभं राहून मी काय सांगितलं असतं, ते मला आजही सुचत नाही.

पाटावर बूट घालून बसता येत नाही. त्यानं खाली बसून नाड्या सोडल्या. पार्वतीबाईंनी पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. ताटात धोंडे वाढले, वर तुपाची धार. त्यानं पहिला घास घेतला आणि हात थांबला. मला वाटलं, उठतो. तो खाली मान घालून म्हणाला, "दैवशाला सांगायची, तुमच्या हाताला लय गोडी हाय."

यावर पार्वतीबाईंनी दुसरा वाढला. तिसरा "माझ्या लेकीच्या नावानं" म्हणून वाढला. तो नको म्हणाला, तसा त्यांनी आग्रह केला, आणि लेकीच्या नावाचा घास टाकणं त्याला जमलं नाही. तेवढ्यात घंटी वाजवत राधाकिशन गेला. वळून वळून बघत गेला. त्याला काय चाललंय ते कळेना. पाठोपाठ आणखी दोघे गेले. मुंजाजीनं मान वर केली नाही. पाणी प्यायला, तेही सासूनं वाढलं म्हणून फुलपात्रभर. उठताना वाकून पाया पडला. पार्वतीबाईंनी फडक्यात बांधलेलं एक पुडकं त्याच्या हातात दिलं. "एवढं दैवशालाला द्या. म्हणावं, आईनं दिलंय."

ओल्या पायांत त्यानं बूट चढवले आणि निघाला.

पुढचं मी सविस्तर लिहीत नाही. पुलापर्यंत सायकलनं त्याला कसंबसं नेलं. तिथून पळ सुरू झाली आणि पुरण, तूप, पाणी, ऊन सगळं एकदम वर आलं. ओल्या बुटांत टाचा सोलल्या. नावांची यादी त्यानं दोनदा सुरू केली, दोन्ही वेळा तानुबाईवरच थांबली. एका ठिकाणी तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, तोंडाला हात लावला, आणि मी पाहिलं, त्यानं उलटी दाबून गिळली. तेवढं अन्न रस्त्यावर टाकून दिलं असतं तर कदाचित हलका झाला असता. चंद्रभान म्हणाला, "अरं वक की बाबा, मोकळा हो." त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि चालू लागला. पुडकं त्यानं सायकलला अडकवून ठेवलं नव्हतं. हातात धरलं होतं, छातीशी.

तो चौथा आला.

फाटकात राधाकिशनभोवती गर्दी होती. व्यंकटराव खुर्चीतून उठून पुढे आले. घडी तशीच हातात. जावयाकडे त्यांनी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"फाट्यापर्यंत पुढं होता म्हणं. मंग काय झालं?"

चंद्रभाननं तोंड उघडलं, "अहो, तुमच्याच घरी..."

"सुरवातीला जोर लावला मामा," मुंजाजी मध्येच म्हणाला. धाप लागलेली, पण शब्द स्पष्ट. "पहिल्या पळीतच लय जोर लावला. दम पुरला न्हाई."

चंद्रभान माझ्याकडे पाहू लागला. मी मुंजाजीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एवढीच विनवणी होती, की गप्प राहा. पहिल्या पळीत त्यानं किती जोर लावला, हे माझ्या कानांइतकं कुणाला माहीत होतं? बायनाबाईचा अर्धा लिटर एकदासुद्धा तुटला नव्हता.

व्यंकटरावांनी मान डोलावली, ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा कळावी तशी. "जिनिंगमदीबी हेच. आरंभाला जोर, मंग पळ काढायचा. माप न्हाई कशाचं." त्यांनी फेट्याची घडी काखेत मारली. लेकीसमोरून जाताना पाऊल जरा अडखळलं, पण थांबले नाहीत. तिनंही हाक मारली नाही.

मुंजाजी वडाखाली बसला. दैवशाला लिंबूपाणी घेऊन आली. त्यानं पुडकं पुढे केलं. तिनं गाठ सोडली, वास घेतला आणि तशीच खाली बसली.

"थांबला होता व्हय?" तिनं विचारलं. "मंग सांगितलं का न्हाई बाबांना? आईनं थांबवलं मनून?"

"सांगून काय? त्या तिथं ऱ्हायत्यात. त्यांना ऱ्हायचंय त्याच घरात." बूट काढता काढता म्हणाला, "उद्या सगळं गाव म्हणलं असतं, सासूनं धोंडे घातले आन जावई आडवा झाला."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग तिनं हिरव्या लुगड्याच्या पदरानं हात पुसले आणि एक धोंडा तिथंच, गर्दीत बसून खाल्ला, शेवटपर्यंत. तूप बोटांवरून ओघळत होतं. त्याला मात्र तिनं एक घासही दिला नाही. "तुमचं झालं," म्हणाली. "तुमी पाणी प्या. घोटघोट."

दैवशाला त्या अधिक महिन्यात माहेरी गेली नाही, आणि त्र्याण्णवच्या अधिकातही नाही. झाला प्रकार व्यंकटरावांना पुढे कळला की नाही, मला सांगता येणार नाही. वरखेड लहान गाव. अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार? पण त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि दिलेला शब्द मागे घेतला नाही. पहिला आला तर फेटा. मुंजाजी पहिला कधी आला नाही.

शर्यत मात्र तो दरवर्षी धावतो. मी नोकरीतून मोकळा झालो तरी पंच म्हणून मला बोलावतात, आणि मी राजदूतवर मागे बसतो. फाट्यावरून परतताना वरखेडच्या लिंबाखाली आता पाट नसतो. पार्वतीबाई रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, हातात एक पेला. मीठ, साखर, लिंबू. हे प्रमाण दैवशालानं कुणाकरवी कळवलंय. मागे अंगणात व्यंकटराव बाजेवर बसलेले असतात, पाठ रस्त्याकडे. त्यांना दिसत नाही, ऐकू मात्र येत असणार.

मुंजाजी सायकलवरून उतरतो. त्याला कितीदा सांगितलं, बसल्या बसल्या पेला घे. तो उतरतोच. राधाकिशन किंवा दुसरा कुणी तेवढ्यात पुढे निघून जातो.

"दैवशाला?" पार्वतीबाई विचारतात.

तो एक घोट घेतो. "बरी हाय."

"खोकला?"

दुसरा घोट. "थांबला."

तेवढ्यात पेला संपतो. तो वाकून पाया पडतो आणि पुन्हा टांग मारतो. ओढ्याच्या उताराला लागेपर्यंत त्याच्या तोंडून काही ऐकू येत नाही. मग हळूहळू नावं सुरू होतात, तानुबाई दीड, बायनाबाई अर्धा, आणि शाळेच्या फाटकात दैवशाला टाचा उंचावून रस्त्याकडे बघत असते. तो कितवा येतो हे पाहायला नव्हे, आईनं काय विचारलं ते ऐकायला.